डोक्यातला पसारा आवरून लिहायला बसण्याची रीत

जून उजाडला की दिवाळी अंकांचे निरोप फिरू लागतात. ‘कथा असेल तर ऑगस्टअखेर पाठवा’ असा पहिला निरोप मला आला, तेव्हा मी हरखून गेले होते. कथा डोक्यात तयार होती. डोंबिवली लोकलच्या बायकांच्या डब्यात रोज चौथ्या सीटवर बसून दुसऱ्यांसाठी भाजी निवडणारी एक बाई, तिची. रात्री दहाला ओटा आवरून मी जेवणाच्या टेबलाशी वही उघडली आणि पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहिणार, तेवढ्यात आठवलं, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात. उठून पाहिलं तर चार उरल्या होत्या. परत बसले. मग मुलीच्या क्लासची फी आठवली, ऑफिसातल्या जीएसटीच्या कामात न जुळणारा आकडा आठवला, गणपतीत गावी जायचं तिकीट आठवलं. बारा वाजता वहीत तीच एक ओळ होती. अडीच महिने हेच चाललं. ऑगस्ट संपला आणि कथा गेली नाही.

त्या वेळी मी ठरवून टाकलं होतं की आपल्याला लिहिता येत नाही. खरं कारण वेगळं होतं, ते मला वर्षभराने उमगलं. खोलीत पाय ठेवायला जागा नसेल तर पाहुणा उंबऱ्यावरून परत जातो, तसं माझ्या कथेचं होत होतं. गेली सहा वर्षं मी दर पावसाळ्यात एक कथा पुरी करते आणि नोकरी, घर, आजारपणं सगळं तेच आहे. मधे काय बदललं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मला कथा ठाऊक आहेत म्हणून उदाहरणं कथेची येतील. तुम्ही चित्रं काढत असाल, चाली बांधत असाल, शाळेच्या गॅदरिंगसाठी नाटुकलं लिहीत असाल, तरी रीत हीच चालते.

आधी एवढं समजून घ्या

एका वेळी डोक्यात किती गोष्टी धरता येतात, यावर मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ काम केलं आहे. नेल्सन कोवान यांनी २००१ साली आधीचे बरेच प्रयोग तपासून जो आकडा मांडला, तो साधारण चारचा आहे. चार! एका कथेत दोन माणसं, एक जागा आणि त्यांच्यातला एक ताण धरला की ती जागा भरली. त्यात गोळ्या आणि फी शिरली की कथेतलं एखादं माणूस बाहेर पडणारच.

दुसरी गोष्ट अर्धवट कामांची. ब्लूमा झायगार्निक या बाईंनी बर्लिनमध्ये प्रयोग करून १९२७ साली मांडलं की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा मधेच अडलेलं काम जास्त लक्षात राहतं. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत हे तसंच्या तसं उतरलं नाही, पण २०११ साली मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी दाखवलेली गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली. अपुरं काम डोक्यात असलेल्या माणसांचं वाचनात लक्ष लागत नव्हतं. मात्र ते काम कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवल्यावर, काम झालेलं नसतानाही, ती टोचणी कमी झाली. म्हणजे लिहायला बसण्याआधी सगळी कामं संपवावी लागत नाहीत. त्यांची सोय लागली आहे, एवढी मनाची खात्री पटावी लागते. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

काय काय लागेल

- पाठकोरे कागद, पंधरा-वीस. प्रत्येकाच्या घड्या घालून आठ चिठ्ठ्या करा.
- शंभर पानी रेघी वही, स्वस्तातली. भारी वहीत वेडंवाकडं लिहायला हात धजत नाही.
- साधं बॉलपेन.
- बुटाचा किंवा मिठाईचा रिकामा खोका.
- भिंतीवरचं कालनिर्णय, जे घरातल्या सगळ्यांच्या नजरेसमोर असतं.
- स्वयंपाकघरातला टायमर किंवा गजराचं घड्याळ. मोबाइलचा टायमर वापरू नका. तो बंद करायला म्हणून मोबाइल हातात येतो आणि अर्धा तास जातो.
- सुट्टीची एक दुपार, घरच्यांना आधी सांगून मागून घेतलेली.

१. डोकं चिठ्ठ्यांवर ओता

टायमर चाळीस मिनिटांवर लावा आणि मनात येईल ते लिहीत सुटा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. ‘गीझर गळतोय.’ ‘पीएफचं नॉमिनेशन.’ ‘वन्सं रागावल्यात का?’ क्रम लावू नका, महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं ठरवू नका.

पहिली दहा-पंधरा मिनिटं भराभर जातात, मग अचानक काही सुचेनासं होतं. बहुतेक जण इथे उठतात आणि इथेच फसतात. आतापर्यंत निघाला तो फक्त हॉलमधला पसारा असतो, माळा अजून तसाच असतो. अशा वेळी मी मनातल्या मनात घरभर फिरते. देवघर, ओटा, फ्रीज, कपाटाचा खालचा कप्पा, मग ऑफिसचं टेबल, बँक, माहेर, सासर, गाव, आणि शेवटी स्वतःचं शरीर. प्रत्येक ठिकाणी एक मिनिट थांबते. माझ्या खऱ्या चिठ्ठ्या या दुसऱ्या फेरीत निघाल्या. ‘मावशी गेली तेव्हा मी वेळेत पोचले नाही’ ही चिठ्ठी ओटा आणि कपाट ओलांडून माहेरच्या दारात गेल्यावर आली. अकरा वर्षं ती आत होती.

लिहिताना एखादं काम करायला उठू नका. ‘लाइट बिल’ लिहिलं की हात मोबाइलकडे जातो, एवढं भरून टाकू म्हणून. आत्ता भरायचं नाही. आजची दुपार फक्त ओतायची आहे.

माझ्या पहिल्या दुपारी ११२ चिठ्ठ्या निघाल्या. त्या टेबलावर पसरलेल्या पाहून मला रडू आलं होतं. एवढं सगळं घेऊन मी रोज आठ-सतराची गाडी पकडत होते. तुम्हालाही तसं झालं तर घाबरू नका, चहा घ्या आणि अर्ध्या तासाने पुढचं काम करा.

२. चार ढीग करा

या पायरीवर घाई करू नका. सगळ्या रीतीचा जीव इथे आहे.

पहिला ढीग काम. चिठ्ठी हातात घ्या आणि ‘काय करायचं, कुणाला सांगायचं’ हे एका क्रियापदात सांगता येतं का ते पाहा. येत असेल तर ते काम.

दुसरा ढीग घोर. इथे क्रियापद सापडत नाही. ‘मुलीचं पुढे कसं होईल’ किंवा ‘ऑफिसात माणसं कमी करणार म्हणतात’. घोर खरा असतो, पण आज त्याचं काही करता येत नाही.

तिसरा ढीग बी. याचं काही करायची गरज नसते, कुणी वाट पाहत नसतं, तरी ते परत परत मनात येतं. त्याला बहुतेक वेळा एक चित्र असतं, एखादा वास असतो किंवा कुणाचा तरी आवाज असतो. सुचणं म्हणतात ते इथून उगवतं.

चौथा रद्दी. कधीतरी करू म्हणून वर्षानुवर्षं सांभाळलेलं, कुणाच्या तरी म्हणण्यावरून अंगावर घेतलेलं, आता ज्याचं काही वाटत नाही असं सगळं.

माझ्या ११२ पैकी ६१ कामं निघाली, १४ घोर, २९ रद्दी आणि ८ बिया. आठच. पण त्या आठांतल्या तीन पुढे कथा झाल्या.

आता सगळ्यात मोठा धोका सांगते. पसारा आवरायच्या उत्साहात माणूस बियाच आधी फेकतो, कारण त्या निरुपयोगी दिसतात. मन शांत करण्याचे पुष्कळ उपाय सांगणारे लोक सगळंच सारख्या मापाने बाहेर काढायला सांगतात, आणि मला ते मान्य नाही. डोकं धुऊन पुसून लख्ख केलं तर झोप चांगली लागेल, पण लिहायचं कशातून? भाजी निवडणाऱ्या बाईची चिठ्ठी मी आधी कामाच्या ढिगात टाकली होती, कारण तिच्यावर मी लिहिलं होतं, ‘त्या बाईकडून निवडलेली मेथी घेणे.’ तीन वेळा वाचल्यावर लक्षात आलं की मला मेथी नकोच होती. डोंबिवली ते घाटकोपर तिची बोटं न बघता चालत राहायची आणि डोळे खिडकीबाहेर असायचे, ते मला विसरता येत नव्हतं.

काही चिठ्ठ्या एका ढिगात बसत नाहीत. ‘आईच्या घराचं काय करायचं’ ही माझी तशी चिठ्ठी. ती मी चार दिवस इकडून तिकडे करत होते. शेवटी फाडून तिच्या तीन केल्या. ‘घरपट्टीबद्दल दादाशी बोलणे’ हे काम झालं. ‘आई तिथे एकटी आहे’ हा घोर. आणि ‘ती झोपलेली असताना बाबांच्या घड्याळाची टिकटिक माजघरात जास्त मोठी वाटते’ हे बी. एका गाठोड्यात तिन्ही बांधलेली होती म्हणून ना काम होत होतं, ना काळजीला तोंड देता येत होतं, ना लिहिता येत होतं. तुमच्याकडे जी चिठ्ठी सगळ्यात जड वाटेल, ती बहुतेक अशीच तिहेरी असेल. तिच्यावर वेळ घालवा.

रद्दीच्या चिठ्ठ्या हाताने फाडा आणि टाका. ‘विणकाम शिकणे’ फाडताना मला जड गेलं, पण ती इच्छा माझ्या विशीतली होती आणि मी तिच्याबद्दल वीस वर्षं अपराधी वाटून घेत होते.

३. कामाला वार द्या आणि धनी द्या

प्रत्येक कामाच्या चिठ्ठीवर पुढचं एकच पाऊल लिहा, असं की दुसऱ्याने वाचलं तरी त्याला करता यावं. ‘गीझर’ असं नुसतं लिहिलेलं डोक्यात फिरतच राहतं. ‘शनिवारी सकाळी इलेक्ट्रिशियनला फोन’ लिहिलं की ते शांत बसतं. वार असलेली कामं कालनिर्णयच्या चौकोनात जातात, बाकीची खोक्यात.

पाच मिनिटांत होणारी कामं एका बैठकीत उरकावीत, पण अर्ध्या तासाच्या वर नाही. छोटी कामं उरकण्याची एक झिंग असते. त्या झिंगेत अख्खी सुट्टी जाते आणि लिहिणं पुढच्या रविवारवर ढकललं जातं.

आता धन्याबद्दल, म्हणजे कुठलं काम कुणाच्या अंगावर याबद्दल. आपल्या घरांतून कामं हल्ली थोडीफार वाटली जातात, आठवण ठेवणं मात्र एकाच माणसाकडे राहतं आणि बहुतेक घरांत ती बाई असते. दूध नवरा आणतो, पण दूध संपलं हे कुणाच्या लक्षात असतं? मी रात्रीच्या जेवणानंतर ६१ चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि घरच्यांना म्हटलं, यातल्या तुम्ही कुठल्या घेता ते सांगा. भांडण नाही, गाऱ्हाणं नाही. चिठ्ठ्या समोर असल्या की फार बोलावं लागत नाही. नवऱ्याने औषधं, बँक आणि सोसायटी घेतली, मुलीने तिच्या क्लासची फी आणि घरातली सगळी रिचार्जं. सासूबाईंनी आपणहून दूधवाल्याचा हिशोब मागून घेतला. एकूण २३ चिठ्ठ्या माझ्या हातून गेल्या.

दिलेल्या कामाची आठवण तुम्ही करून देत राहिलात तर ते काम दिलेलं नसतं. पहिल्या महिन्यात एक रिचार्ज चुकलं आणि दोन दिवस घरात नेट नव्हतं. मी गप्प राहिले. त्यानंतर कधी चुकलं नाही.

४. घोराला वेळ नेमून द्या

काळजी करू नकोस असं सांगून काळजी जात नाही. तिला जागा द्यावी लागते. मी आठवड्यातून दोन संध्याकाळी, दिवेलागणीनंतर पंधरा मिनिटं, घोराच्या चिठ्ठ्यांपैकी एक घेते आणि तिच्यावर सलग लिहिते. शुद्धलेखन, सुसूत्रता काही नाही. एरवी ती काळजी डोकावली की तिला सांगायचं, तुझा गुरुवार आहे.

अशा लिहिण्यावर जेम्स पेनेबेकर यांनी सँड्रा बील यांच्याबरोबर १९८६ साली काम केलं. विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या दुखऱ्या आठवणींवर लिहिलं. लगेचच्या तासांत त्यांना जास्त उदास वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं. त्यातला पहिला भाग विसरू नका. लिहून झाल्या झाल्या जड वाटतं, म्हणून हे झोपण्याआधी करू नका आणि कथा लिहायला बसण्याआधी तर नाहीच. मावशीच्या चिठ्ठीवर मी चार संध्याकाळी लिहिलं. ती पानं कुणाला दाखवली नाहीत, त्यांची कथाही केली नाही. घोराच्या पानांतून लगेच कथा काढू नये असं मला वाटतं. तिथलं रक्त सुकू द्यावं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. पसारा वेगळा आणि आजार वेगळा. दोन-दोन आठवडे झोप नाही, कशातच मन नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर चिठ्ठ्यांनी भागणार नाही. डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते, तिथे मराठीतही बोलता येतं.

५. बियांना स्वतंत्र वही

बियांच्या चिठ्ठ्या शंभर पानी वहीत उतरवा. एका बीला एक पान, वर तारीख. त्याखाली तीन-चार ओळी, आणि त्या दिसलेल्या, ऐकलेल्या, वास आलेल्या गोष्टींच्याच. ‘आईचा एकटेपणा’ असं लिहिलं तर सहा महिन्यांनी ते पान मुकं असेल. ‘घड्याळाला चावी द्यायला ती स्टुलावर चढते’ असं लिहिलं तर पान बोलेल.

गाडीत उभ्याने लिहिता येत नाही, एक हात कडीला असतो. तेव्हा मी मोबाइलवर मराठी बोलून टाइप करते आणि रात्री वहीत उतरवते. त्यात दहा शब्द चुकीचे उमटतात, पण चित्र हरवत नाही.

बी कुणाला सांगू नका, निदान कच्चा खर्डा होईपर्यंत. मी दोन चांगल्या कथा मैत्रिणींना सांगून घालवल्या. सांगताना सगळा रंग भरला, त्यांनी दाद दिली आणि नंतर लिहायला बसले तर हाताशी काही उरलं नव्हतं.

६. बाहेरून येणारं अडवा

याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणून थोडक्यात. व्हॉट्सॲपचे सगळे ग्रुप कायमचे म्यूट करा आणि लिहिण्याच्या महिन्यांत अर्काइव्ह करून ठेवा. घरची जवळची तीन-चार माणसं सोडून बाकी नोटिफिकेशन बंद. सकाळी उठल्यापासून पहिला अर्धा तास मोबाइल बघू नका. बातम्या दिवसातून एकदा, छापील पेपरमध्ये वाचल्या तर उत्तम, कारण पेपर संपतो. टेबलावर वही आणि पेन सोडून काही नको. चष्म्याची केससुद्धा मी उचलून ठेवते.

७. रिकामा वेळ रिकामाच ठेवा

चिठ्ठ्या झाल्या, घोर नेमून दिला, मोबाइल गप्प केला. आता जो मोकळा वेळ मिळेल त्यात काही भरू नका. मी पहिल्यांदा हीच चूक केली. गाडीतला तास मोकळा झाला तर कानात भाषणं घालून घेतली, लेखन कसं करावं याची. दोन महिन्यांत माहिती वाढली आणि सुचणं थांबलं.

ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली सुचण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. आधी तयारी, मग आत मुरणं, मग अचानक उजेड पडणं आणि शेवटी तपासणं. मुरण्याच्या काळात बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. फ्रेंच गणिती आंरी प्वँकारे यांनी स्वतःची आठवण सांगितली आहे. एका कोड्याशी ते पंधरा दिवस रोज टेबलाशी झगडले होते. नंतर सहलीला गेले असताना, कुताँस गावी, बसच्या पायरीवर पाय ठेवताना त्यांना त्याच विषयातली पुढची वाट दिसली. लोकांना ती पायरी आठवते. मला आधीचे पंधरा दिवस महत्त्वाचे वाटतात. विरजण लावलंच नाही तर रात्रभर झाकून ठेवलं तरी दही लागणार नाही.

म्हणून असं करा. रात्री वहीतलं एक बी वाचा, त्यातला एक प्रश्न मनात घ्या. ‘ती बाई घरी गेल्यावर स्वतःसाठी कुठली भाजी करते?’ मग वही मिटा. सकाळी गाडीत कानात काही नको, हातात काही नको, खिडकी नसेल तर समोरच्या बाईच्या पर्सकडे पाहा. मुंब्रा येईपर्यंत मनात उरलीसुरली कामं येतात. ती येऊ द्या. त्यानंतर बहुतेक वेळा काहीतरी हलतं.

चालणंही उपयोगी. मॅरिली ओपेझो आणि डॅनिअल श्वार्ट्झ यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेल्या प्रयोगांत, २०१४ साली, चालताना बहुतेकांना बसल्यापेक्षा जास्त कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालतानाही. मात्र ज्या कोड्याचं एकच नेमकं उत्तर असतं, ते सोडवायला चालण्याची मदत झाली नाही. माझा अनुभव तोच आहे. शेवट सापडत नसेल तर मी स्टेशनवरून रिक्षा न करता चालत येते. वाक्यं तासायची असतील तर खुर्चीच लागते.

८. लिहायला बसण्याआधीची दहा मिनिटं

एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की लक्षाचा थोडा भाग मागच्या कामालाच चिकटून राहतो, असं सोफी लरॉय यांनी २००९ साली मांडलं. म्हणून ओट्यावरून उठून थेट वहीवर येऊ नका. मी असं करते:

- ओट्याशीच एका चिठ्ठीवर सकाळचं लिहिते. ‘कणीक मळलेली आहे. मोड आलेले मूग. गॅस बंद.’
- तोंड धुते, पाणी पिते.
- टेबलाशी दोन कोऱ्या चिठ्ठ्या ठेवते.
- काल लिहिलेलं शेवटचं अर्धं पान मोठ्याने वाचते.
- टायमर पंचवीस मिनिटांवर.

लिहिताना काम आठवलं तर शेजारच्या चिठ्ठीवर दोन शब्द लिहायचे आणि हात परत वहीवर. उठायचं नाही, गोळ्या आठवल्या तरी. दोन चिठ्ठ्या भरल्या तर त्या दिवशी डोक्यात पसारा जास्त आहे एवढंच समजायचं, बसणं सोडायचं नाही. टायमर वाजला की उद्याची पहिली ओळ लिहून थांबा, सुचत असेल तरी. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाऐवजी ती ओळ तुमची वाट पाहते.

सगळं आवरलं की मग निवांत लिहीन, असं ज्या दिवशी मनात येईल त्या दिवशी सावध व्हा. सगळं कधीच आवरत नाही. पोळपाट ठेवण्याएवढी जागा झाली की पोळ्या लाटायला घ्यायच्या.

९. पसारा परत होतो, तेव्हा

रोज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा. मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर प्रयोग केला होता, तो २०१८ साली छापून आला. पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. रविवारी अर्धा तास खोका उघडा, जुन्या चिठ्ठ्या फाडा, नव्या ओता.

घरात लग्न निघालं, कुणी दवाखान्यात दाखल झालं की हे सगळं कोलमडतं. माझं दोनदा कोलमडलं. तेव्हा खोका, वही, रविवार यांतलं काहीच सांभाळायचा अट्टाहास करू नका, फक्त बियांची वही उशाशी असू द्या. हॉस्पिटलच्या बाकावर मी सात पानं भरली होती. दिवस निवळले की पुन्हा पहिल्या पायरीपासून, या वेळी वीस मिनिटांत होतं.

पावसाळ्याचं वेळापत्रक

दिवाळी अंकासाठी लिहिणार असाल तर मेच्या सुट्टीतच चिठ्ठ्यांची दुपार काढा. जूनमध्ये एकच बी निवडा आणि ते मुरू द्या. जुलैत कच्चा खर्डा, रोज पंचवीस मिनिटांनी तो महिनाभरात होतो. तो दहा दिवस बाजूला ठेवा. श्रावण लागला की सणवार सुरू होतात आणि मागोमाग गणपती येतात, म्हणून ऑगस्टअखेरची मुदत असली तरी मनाशी १५ ऑगस्टच धरा.

पाठवताना मजकूर युनिकोडमध्ये असावा, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप करतो त्याच अक्षरांत. फाइलच्या शेवटी नाव, पत्ता, फोन लिहा, आणि ही कथा दुसरीकडे पाठवलेली नाही, एवढी एक ओळ. एक प्रत स्वतःला मेल करा. उत्तर लगेच येत नाही, कधी येतच नाही, आणि त्या वाट पाहण्याने डोकं पुन्हा भरतं. म्हणून मेल गेला की त्याच क्षणी एक चिठ्ठी करा: ‘ऑक्टोबरचा पहिला सोमवार, संपादकांना एकदा विचारणे.’ ती कालनिर्णयच्या त्या चौकोनाला टाचणीने लावा आणि बियांच्या वहीचं पुढचं पान उघडा.